विहारातलं व्हॉल्व्हचं मशीन

दुरुस्त करून दिलेलं मशीन परत आलं की माझं डोकं फिरतं. बंद पडून आलं तर एक वेळ चालेल. काहीतरी जळलं असेल, सुटलं असेल. शोधता येतं, बदलता येतं. पण "चालू आहे हो, फक्त आवाज पहिल्यासारखा नाही," असं म्हणत कोणी दारात उभं राहिलं, की ते मशीन घेऊन त्याच्याच पायावर टाकावं असं मला वाटतं. 'पहिल्यासारखा' हे कोणत्याच मीटरवर दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर राग त्या माणसाचा नसतोच. त्याचं म्हणणं खरं निघालं तर काय, ही भीती असते. जुन्या मशीनचा आवाज एकदा हातून गेला, की तो कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

जळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. तीस वर्षं मी जुने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. तेही व्हॉल्व्हचे, ज्यांच्या आत काचेच्या नळ्या लाल होतात आणि ज्यांना बोलायला लागायच्या आधी मिनिटभर तापावं लागतं. आमच्याकडे त्यांना अ‍ॅम्प्लिफायर कोणी म्हणत नाही, मशीनच म्हणतात. एकेकाळी चाळीसगावपासून बोदवडपर्यंतचे लाऊडस्पीकरवाले माझ्याकडे यायचे. तो धंदा डीजेने खाल्ला. आता पुण्या-नाशिकचे हौशी लोक पार्सलने मशिनी पाठवतात आणि सोबत चार पानं सूचना. त्यातल्या निम्म्यांना आत ब्लूटूथ बसवून हवं असतं. त्यांचं मशीन मी न उघडता परत पाठवतो. बायको म्हणते, "तुम्ही दुकान चालवता की गिऱ्हाइकाची परीक्षा घेता?"

माझा एकच हट्ट आहे. जेवढं मेलंय तेवढंच बदलायचं, आणि काढलेला प्रत्येक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या कडीला बांधून द्यायचा. ही पद्धत माझी एकट्याची नाही. जुना माल परत हातात पडल्याशिवाय नवीन टाकलाय यावर आमच्या भागात कोणाचा विश्वास बसत नाही. लोक त्या पिशव्या वर्षानुवर्षं जपून ठेवतात. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसतं.

गेल्या फेब्रुवारीत मला एका गुरुजींचा फोन आला. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावातल्या बुद्ध विहाराच्या समितीचं काम बघणारे. गाव धुळ्याच्या पुढे, सोनगीर फाट्यावर उतरून आत तीन-चार किलोमीटर. विहारात चाळीस वर्षांपूर्वीचं व्हॉल्व्हचं मशीन होतं, छपरावर एक कर्णा होता, आणि रोज संध्याकाळी सात वाजता एक बाई त्या माईकवर वंदना म्हणायच्या. मशीन गुणगुणायला लागलं होतं, जळका वास येत होता. समितीत नवीन घ्यायचं चाललं होतं, पेन ड्राइव्ह लागतो तसलं. गुरुजींना वाटलं, एकदा कोणाला तरी दाखवावं.

मी पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. गुरुजींच्या अंगणात चहा आला. सात वाजता समोरच्या छपरावरच्या कर्ण्यात खुट्ट झालं आणि वंदना सुरू झाली. मी कप खाली ठेवला. कर्णा म्हणजे कानात खिळा, हेच मी आयुष्यभर ऐकत आलो. हा आवाज जाडसर होता, मऊ होता, किंचित बसका. शब्दांना टोकंच नव्हती. बाई दमत कुठे होत्या, श्वास कुठे घेत होत्या, काही कळत नव्हतं. खाली मशीनची गुणगुण होती, पण तीही त्या आवाजाला तंबोऱ्यासारखी साथ देत होती. गल्लीत कोणी बोलायचं थांबलं नाही, कोणी हात जोडून उभं राहिलं नाही. पोरी भांडी घासत होत्या, म्हशी दावणीला येत होत्या, आणि तो आवाज सगळ्यांवरून चालला होता.

"चाळीस वर्षं अक्काच म्हणतात," गुरुजी म्हणाले. "सत्तरी उलटली, पण आवाज बघा."

"हे मशीन फेकायचं नाही," मी म्हणालो. "मला एक महिना द्या. आवाज केसभरसुद्धा हलणार नाही."

हे मी बोललो. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

मशीन जळगावला आणून उघडलं. दोन मोठे कंडेन्सर फुगलेले, मेणाचे चार छोटे गळके, एक रेझिस्टन्स जळून कोळसा. बाकी सगळं ठणठणीत. व्हॉल्व्ह तेच ठेवले, ट्रान्सफॉर्मर तेच, वायरीसुद्धा त्याच. सात तुकडे बदलले, सात तुकडे पिशवीत घातले. दोन दिवस मशीन चालू ठेवलं. बायकोला माईकसमोर बसवून पेपर वाचायला लावला आणि मी बाहेर जाऊन कर्णा ऐकला. मोबाईलवर टिपलेलं आत येऊन तिलाही ऐकवलं, तर ती म्हणाली, "माझ्यासारखाच येतोय की." मी खूश झालो. गुणगुण नाही, वास नाही, स्वच्छ आवाज.

होळीच्या आठवड्यात एसटीने मशीन मांडीवर घेऊन गेलो. दुपारी विहारात बसवलं, "हॅलो, हॅलो" केलं, पिशवी गुरुजींच्या हवाली केली आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून तीनलाच निघालो. सात वाजेपर्यंत थांबलो असतो तर पुढचं अर्धं तरी टळलं असतं.

मे महिन्यात गुरुजींचा फोन आला. आधी त्यांनी माझी तब्येत विचारली, जळगावचा उन्हाळा विचारला. मग म्हणाले, "मशीन उत्तम चाललंय बरं का. तुमचं काही नाही. पण अक्कांनी माईक सोडला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन आल्याच्या पहिल्या दिवशी अक्कांचा आवाज पार फाट्यापर्यंत गेला, लोक खूश झाले. दोन-तीन दिवसांनी कोणीतरी म्हणालं, अक्का थकल्या हो. मग दुसरं कोणी म्हणालं. अक्कांनी स्वतःही कर्ण्यातून ऐकलंच होतं. आधी त्यांनी शेवटचं गाणं सोडलं, मग वंदना भरभर उरकायला लागल्या, आणि एके दिवशी माईक बाजूला ठेवून म्हणाल्या की आपल्याच्यानं आता होत नाही. तेव्हापासून मोबाईलमधली वंदना माईकसमोर धरत होते.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मे महिन्यात भरदुपारी धुळ्याच्या स्टँडवर उभं राहायचं म्हणजे काय, ते उभं राहिलेल्यालाच माहीत. अक्का विहाराच्या मागे राहायच्या. उंबऱ्यात बसून गहू निवडत होत्या. लहानखुऱ्या, काटक, केस पांढरेशुभ्र. मी ओळख दिली आणि सरळ मुद्द्यावर आलो. म्हणालो, "अक्का, आवाज मशीनमुळे बिघडलाय. तुमचा दोष नाही."

त्या हसल्या. "भाऊ, मशीन बेस शे. मना आवाजच गया आते. उमर व्हयनी ना."

"अहो, दोन महिन्यात आवाज जातो का कोणाचा?"

"जास ना. आमनी बहीणना तं एक दिनमा गया." आणि त्या पुन्हा गव्हाकडे वळल्या. माझी समजूत घालावी तशा बोलत होत्या, हे मला जास्त लागलं.

खूप विनवण्या केल्यावर त्या विहारात आल्या. मी बाहेर कर्ण्याखाली उभा राहिलो. त्यांनी दोनच ओळी म्हटल्या. वरून आला तो आवाज बारीक होता, कोरडा, चिरका. प्रत्येक श्वास ऐकू येत होता. ओळ संपताना सूर थरथरत होता, आणि तिथे पत्र्यावर नख ओढल्यासारखं काहीतरी होत होतं. मी आत जाईपर्यंत अक्कांनी स्वतःच बटण बंद केलं होतं आणि त्या मागच्या दाराने निघून गेल्या होत्या.

फेब्रुवारीत ऐकलेला आवाज मी मारला होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. गावाला वाटत होतं अक्का म्हाताऱ्या झाल्या, अक्कांनाही तेच वाटत होतं. मशीन तर नव्यासारखं चाललंय, मग त्याला कोण नावं ठेवणार? खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं आणि ते कोणाला पटवून देता येत नव्हतं. चाळीस वर्षं म्हणणाऱ्या बाईला माझ्या सात तुकड्यांपायी स्वतःचा गळा संपला असं वाटत होतं. मी गुरुजींकडून पिशवी मागून घेतली. त्यांनी ती विहाराच्या कपाटात कुलपात ठेवली होती.

मशीन पुन्हा जळगावला आलं. मग मी जे केलं ते धंदा शिकणाऱ्याला सांगू नये. चांगला कंडेन्सर काढून त्या जागी पिशवीतला गळका बसवायचा, आवाज ऐकायचा. मग दुसरा, मग तिसरा. गळक्या मालाने व्हॉल्व्ह जळू शकतात हे माहीत असून बसवला. गच्चीवर कर्णा टांगला होता, बायको माईकवर पेपर वाचायची. चार दिवसांत शेजाऱ्यांना बाजारभाव पाठ झाले आणि ते भांडायला आले. आवाज ढिम्म बदलेना. व्हॉल्व्हच्या जागा अदलाबदल करून पाहिल्या. सगळे सोल्डर पुन्हा मारले. माईकचं बोंडूक खोललं. रोज सकाळी मशीन डिमरस्टॅटला जोडायचं, म्हणजे गोल मूठ फिरवून लाईट कमी-जास्त करतात त्या जड धुडाला. शून्यापासून हळूहळू दोनशे तीस व्होल्टपर्यंत न्यायचं, जुन्या मशीनला दणका बसू नये म्हणून. आणि दोनशे तीस झाले की मगच ऐकायला बसायचं. हे मी रोज केलं. रोज.

जुन्या मशिनींच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, त्यावर विचारलं. अमुक देशाचा कंडेन्सर टाका, तमुक धातूची वायर टाका. पुण्याचा एक जण म्हणाला, नवीन माल पिकायला वेळ लागतो, मशीन आठ दिवस सतत चालू ठेवा. ठेवलं. खोलीची भट्टी झाली, आवाज कच्चाच राहिला. बायको एकदा म्हणाली, "मशीनचं राहू द्या, तुमचाच आवाज बिघडलाय." मी तिच्यावर खेकसलो, त्यामुळे तिचं म्हणणं सिद्धच झालं.

जुलैमध्ये मशीन परत नेलं. पिशवीतला जेवढा माल जिवंत होता तेवढा सगळा आत होता. अक्का आल्याच नाहीत. दुसऱ्या एका बाईंनी म्हणून पाहिलं. चिरका तो चिरकाच. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या आता. वय कोणाला चुकलंय? तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत."

"वयाचा काय संबंध?" मी ओरडलो. "तुम्हाला कान आहेत की नाहीत? या बाईंचं वय चाळीस आहे, त्यांचाही आवाज चिरकतोय, दिसत नाही का?" विहारात ओरडलो, बुद्धाच्या मूर्तीसमोर, सत्तरीच्या शिक्षकावर. तरीही फाट्यापर्यंत मला त्यांनीच मोटरसायकलवर सोडलं आणि त्यामुळे मला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सप्टेंबरमध्ये मी शेवटचं म्हणून गेलो. हरलो असं सांगायचं, मशीन उचलून न्यायचं आणि समितीला म्हणायचं, घ्या तुमचं पेन ड्राइव्हवालं. गुरुजी शेतातून यायचे होते. विहारासमोर पिठाची गिरणी आहे, तिच्या ओट्यावर मी टेकलो. संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले होते, गिरणी धडधडत होती. गिरणीवाल्या बाईंनी मला ओळखलं. एव्हाना गावात मला सगळेच ओळखत होते, मशीन बिघडवणारा म्हणून नाही तरी मशीनच्या मागे लागलेला म्हणून.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "संध्याकाळी बरी गिरणी चालते तुमची."

"आते चालस," त्या म्हणाल्या. "पह्यले चक्की चालू व्हयनी का बठ्ठा गावनी लाईट मंद व्हई जाये. वंदनाना टाईमले तं लोके माले शिव्या देयेत. आते होळीले नवी डीपी बसनी, काही टेन्शन नही."

मला ते लगेच कळलंच नाही. मी "बरं झालं" म्हणालो. मग खांबाकडे पाहिलं. चकचकीत नवी डीपी, गावाला लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर, जुन्याच्या दुप्पट. मी उठलो, जवळजवळ पळत विहारात गेलो, खांद्यावरच्या पिशवीतून मीटर काढला आणि ज्या बोर्डात मशीन लावायचे त्यात घातला. समोर गिरणी चालू असताना दोनशे अडतीस.

तेवढ्यात गुरुजी आले. मी विचारलं, जुनी डीपी होती तेव्हा संध्याकाळी लाईट किती असायची? ते म्हणाले, घरात टीव्हीसाठी काट्याचा स्टॅबिलायझर होता, त्याचा काटा सात वाजता कधी एकशे सत्तरच्या वर गेलेला त्यांना आठवत नाही. जुनी डीपी होळीच्या आदल्या आठवड्यात जळली. नवी बसली आणि दोनच दिवसांनी मी मशीन घेऊन आलो.

मी तिथेच चटईवर बसलो. चाळीस वर्षं ते मशीन अर्धपोटी चाललं होतं. व्हॉल्व्हला पुरेशी लाईट मिळाली नाही की त्याला आवाजाची टोकं उचलता येत नाहीत. चढलेला सूर तो दाबून टाकतो, बारीकसारीक खरखर गिळतो. फेब्रुवारीत मी जे ऐकून कप खाली ठेवला, तो या उपासाचा आवाज होता. मी तो मारला नव्हता. तो मशीनमध्ये नव्हताच. मशीन कंपनीने बनवलं तेव्हा जसं बोलत असेल तसं ते आता, या होळीपासून, पहिल्यांदा बोलत होतं.

खानदेशातला मेकॅनिक दुकान मांडतो तेव्हा आधी स्टॅबिलायझर विकत घेतो. मी तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलोय, लाईट कमी असते म्हणून मशिनी जळतात, आधी घरातली लाईट तपासा. आणि सात महिन्यांत याआधी मी त्या विहारात चार वेळा गेलो, मीटर प्रत्येक वेळी पिशवीत होता, आणि भिंतीतल्या बोर्डाला तो एकदाही लावला नाही. माझ्या दुकानात लाईट दोनशे तीस म्हणजे जगात दोनशे तीस! मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गुरुजींची माफी मागितली, तर ते म्हणाले, "म्हणजे अक्कांचा आवाज गेला नाही ना?" मी म्हणालो, "परवा संध्याकाळी तुम्हीच ऐका."

तिसऱ्या दिवशी डिमरस्टॅट घेऊन गेलो. त्याच्या ओझ्याने खांदा उतरला होता, पण मला त्याचं काही नव्हतं. सातला पाच कमी असताना मूठ एकशे सत्तरवर आणली. गुरुजींनी अक्कांना कसंबसं आणलं होतं. एकदाच, भाऊसाठी, म्हणून. पाच-सहा बायका चटईवर बसल्या होत्या. अक्कांनी माईक हातात घेतला, नजर वर न करता. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

तोच आवाज. जाडसर, मऊ, किंचित बसका. पहिल्या ओळीलाच समोरची बाई पिठाच्या हातांनी दारात आली. दुसऱ्या घरातून कोणीतरी म्हणालं, "अक्का शे वं!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही. अक्कांनी भरभर उरकलं नाही. सगळी वंदना म्हटली, वर ते सोडलेलं गाणंही म्हटलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळला होता आणि पदर नीट डोक्यावर होता.

"काय करं भाऊ तू?" त्यांनी विचारलं.

एक वायर सुटली होती, असं म्हणायला हवं होतं मी. एवढंच. वायर सुटली होती, लावली, झालं. पण चार महिने मला कोणी खरं मानलं नव्हतं, आणि आता माझ्याकडे पुरावा होता. मी त्यांना आत नेलं. डिमरस्टॅट दाखवला, डीपीचं सांगितलं, आकडे सांगितले. म्हणालो, "अक्का, बोला माईकवर काहीतरी, बोलत राहा." त्या बोलत राहिल्या आणि मी मूठ फिरवली. दोनशे तीस, चिरका. एकशे सत्तर, मऊ. पुन्हा दोनशे तीस. पुन्हा एकशे सत्तर. त्यांच्याच आवाजावर, त्यांच्याच तोंडासमोर, जादूगारासारखा. चटईवरच्या बायका हसायला लागल्या. मी पण हसत होतो.

अक्का बोलायच्या थांबल्या. माझ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला कळलं नसतं इतक्या लवकर त्यांना कळलं.

"म्हनजे भाऊ," त्या म्हणाल्या, "इतला वरीस तो आवाज मना नव्हता? लाईटना व्हता?"

"नाही, नाही अक्का, तसं नाही. मशीन प्रत्येकाच्याच आवाजात थोडं—"

"ते पुरं कर," त्यांनी मुठीकडे बोट केलं. "बठ्ठं पुरं कर."

मी काय करायला हवं होतं, ते मला आज चांगलं कळतं. तेव्हा मी मूठ दोनशे तीसवर नेली. त्यांनी वंदनेची पहिली ओळ म्हटली, मान वाकडी करून कर्ण्याकडे कान दिला, शेवटपर्यंत ऐकलं. मग बटण बंद केलं. माईक पदराने पुसला आणि मशीनवर आडवा ठेवला. मी खूप बोललो. मी मूठ काढून टाकतो म्हणालो, मूठ कायमची एकशे सत्तरला बांधून देतो म्हणालो, लोकांना काय कळतंय म्हणालो.

"माले कळस ना आते," अक्का म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. बायकांकडे वळून म्हणाल्या, "उद्याफाईन बिगर माईकनं म्हनसू. ज्याले ऐकानं व्हई तो विहारना मझार येई."

ठरलं तसंच त्या वागल्या. गुरुजींनी रात्री समजावलं, सकाळी समजावलं, उपयोग झाला नाही. मी गुरुजींकडेच राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी सातला मशीन थंड होतं, मोबाईलही त्यांनी लावू दिला नाही. त्या चटईवर बायकांमध्ये बसल्या आणि डोळे मिटून सुरू केलं. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होतो. हा आवाज फेब्रुवारीचा नव्हता आणि मे महिन्याचाही नव्हता. छोटा होता, खालच्या पट्टीतला, सरळ. श्वास घ्यायला त्या थांबायच्या आणि त्या थांबण्यात घाई नव्हती. सात महिन्यांत त्यांच्या आवाजाबद्दल मी गावातल्या प्रत्येकाला विचारलं होतं, मशीनचा एकेक सांधा उकलला होता, पण माईक न देता त्यांना माझ्यासमोर कधी बसवलं नव्हतं. पहिल्यांदाच ऐकत होतो.

रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. हायवेवरच्या कामावरून परतणारा माणूस असावा, डबा हँडलला लटकत होता. त्याने पाय टेकवून छपरावरच्या कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलला, ते इंजिनात कळलं नाही, म्हणून मी पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेलो.

"काय भाऊ, आज वंदना नही शे का?"

"चालू आहे," मी म्हणालो.

त्याने गाडी बंद केली आणि कान दिला. "माले तं काहीच ऐकू येत नही," तो म्हणाला.

त्याच्याजवळ उभं राहून मलाही ऐकू येत नव्हतं.